हमाली, बक्षिसी की भीक?

प्रश्न असा आला आहे: बॉस्टनच्या लोगन विमानतळावरच्या सामान उचलणाऱ्या कामगारांनी, म्हणजे स्कायकॅपांनी, केलेल्या खटल्यावर मराठीत लिहायचं आहे. विमान कंपनीने बॅगेमागे जे दोन डॉलर घ्यायला सुरुवात केली त्याला 'हमाली' म्हणावं का? आणि टिपला 'बक्षिसी' चालेल का? एका जाणकाराने सांगितलंय म्हणे, की बक्षिसी म्हणजे भीकच, कामगाराबद्दल असं लिहू नये.

टिपचं आधी उरकतो. हा शब्द 'टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस'ची आद्याक्षरं जोडून झाला, ही थाप कृपा करून कुणी पुन्हा पुढे ढकलू नये. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याचं पेव विसाव्या शतकात फुटलं. टिप सतराव्या शतकातल्या इंग्रज चोरांच्या बोलीत आहे, 'हातावर ठेव, सरकव' अशा अर्थाने. आपली शिवणीतली आणि तळटिपेतली टीप निराळी.

आता ते 'बक्षिसी म्हणजे भीक'. हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी चिडतो, कारण बोलणाऱ्याला बक्षीसही कळलेलं नसतं आणि भीकही.

बक्षीस हे फारसी 'बख्शीश'. त्यातला 'बख्श' म्हणजे वाटा. इराणात आजही एखाद्या गोष्टीच्या भागाला किंवा खात्याच्या विभागाला बख्शच म्हणतात. हा बख्श आणि आपला संस्कृत 'भज्' धातू एकाच कुळातले. भज् म्हणजे मुळात वाटून देणं, वाट्याला येणं. टाळ-मृदंगाचं भजन फार नंतरचं. त्यातून भाग, विभाग, भागीदार. त्यातूनच 'भक्त', म्हणजे वाटून दिलेलं अन्न, आणि त्याचाच पुढे झाला भात. महागाई भत्त्यातला भत्ताही इथलाच. कौटिल्य अर्थशास्त्रात 'भक्तवेतन' असा जोडशब्द वापरतो: शिधा आणि पगार, दोन्ही मिळून मोबदला.

आणि भीक? 'भिक्ष्' हे भज्चंच जुनं इच्छार्थक रूप आहे. शक्पासून शिक्ष्, तसं भज्पासून भिक्ष्. भिक्षा म्हणजे मुळात 'आपला वाटा मिळावा ही इच्छा'. धातुपाठात भिक्ष् स्वतंत्र धातू म्हणून दिलाय, हे दाखवून मला गप्प करणारे शास्त्री भेटतात. धातुपाठ ही रूपं साधण्यासाठी केलेली यादी आहे, शब्दांची वंशावळ नव्हे. ती पुढे करून व्युत्पत्तीचा वाद मिटवता येत नाही.

याहून मोठा घोळ घातला यूल आणि बर्नेल यांनी, 1886च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात. मोगल अमदानीत फौजेचा पगार वाटणारा अधिकारी तो बक्षी. आज आडनावात उरलेला हाच. या दोघांनी बक्षीची व्युत्पत्ती मंगोलांकडून फिरवून थेट बौद्ध 'भिक्षू'पर्यंत नेली. मंगोलांकडे बख्शी म्हणजे बौद्ध पंडित, लेखनिक होता, हे खरंच आहे. पण वाटपाचं काम करणाऱ्या माणसाच्या नावासाठी 'वाटणे' हे फारसी क्रियापद दारात उभं असताना मंगोलियाला कशाला जायचं? पंडिताचं नाव पगारवाटप्याला चिकटलं ते बख्शच्या ओढीनेच, असं माझं ठाम मत आहे. आणि यूलसाहेबांचं खरं धरलं तरी भिक्षू पुन्हा भज्पाशीच येतो! पगार वाटणारा बक्षी, बक्षिसी आणि भीक, सगळ्यांच्या मुळाशी वाटा आहे.

खटलाही वाट्याचाच होता. अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनांवरचे लाल टोपीवाले हमाल ते रेडकॅप, त्यावरून विमानतळावरचे स्कायकॅप. रेडकॅप बहुतांशी कृष्णवर्णीय, आणि पोट टिपवर. 1938मध्ये किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल स्टेशनच्या कंपनीने त्यांना कळवलं की रोजच्या टिपेचा हिशेब द्या, किमान वेतनाला जेवढे कमी पडतील तेवढेच आम्ही घालू. 1942मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली. प्रवाशाने खुशीने दिलेले पैसे कंपनीच्या पगारखात्यात वळते झाले.

लोगनला 2005मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने विमानतळाच्या दाराशी बॅग देणाऱ्यांकडून बॅगेमागे दोन डॉलर घ्यायला सुरुवात केली. प्रवासी गाडीतून उतरतो, स्कायकॅप बॅग उचलतो, तिला चिठ्ठी लावतो, दोन डॉलर घेतो. प्रवाशाला वाटतं, याचे याला पोचले. टिप आटली. मॅसॅच्युसेट्सचा टिपचा कायदा म्हणतो की जे पैसे सेवकालाच मिळतील असं ग्राहकाला रास्तपणे वाटेल, ते सेवकालाच द्यावे लागतात. 2008मध्ये ज्युरीने स्कायकॅपांच्या बाजूने कौल दिला, सुमारे सव्वातीन लाख डॉलर. 2011मध्ये वरच्या फेडरल न्यायालयाने तो फिरवला: 1978च्या विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यामुळे विमान कंपनीच्या दरात आणि सेवेत राज्याचा कायदा हात घालू शकत नाही. बॅग डोक्यावर कुणाच्या होती, हा मुद्दाच बाजूला पडला. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

तर, 'हमाली'. बाजार समितीत आडत्याने शेतकऱ्याच्या हातात दिलेली पट्टी बघा: हमाली वेगळी, तोलाई वेगळी. हमाली म्हणजे हमालाचे पैसे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते दोन डॉलर स्कायकॅपांचे म्हणून त्यांच्याकडे गेलेच नाहीत, म्हणून बातमीत त्यांना हमाली म्हणू नका. वीजबिलात असतो तो 'आकार' शब्द घ्या: बॅगेमागे दोन डॉलर आकार. टिपला बेलाशक बक्षिसी म्हणा. आणि फिर्यादींची बाजू मांडताना मात्र 'प्रवाशांना ती हमाली वाटली' असं जरूर लिहा. त्यांचं म्हणणं नेमकं तेच होतं.