बालीहून पडद्याचं कापड, चादरी वगैरे आणावं का? काय बघून घ्यावं?

आणा की, पण जायच्या आधी घरच्या खिडक्या मोजा. हसू नका, मी मोजल्या नव्हत्या.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातलं जुनं घर, खिडक्या ही उंच. मला वाटलं अडीच मीटरचं बाटिक म्हणजे बरोब्बर एक पडदा, झालं काम, म्हणून पक्ष्यांच्या डिझाइनचे चार पीस उचलले. घरी येऊन टांगले तर सगळे पक्षी एका कुशीवर झोपलेले! ते कापड मुळात नेसायचं, साधारण अडीच मीटर लांब आणि मीटरभर पन्ह्याचं, कमरेभोवती आडवं गुंडाळतात म्हणून डिझाइन पण आडव्या हिशोबानेच असतं. सासूबाई म्हणाल्या, "यांना बरं नाहीये का गं?" मग दोन पीस दिवाणावर गेले, दोन नणंदेला. तेव्हा पडद्यासाठी घ्यायचं तर उलगडून उभं धरून बघा, किंवा सरळ वेलबुट्टीचं घ्या ज्याला उलटसुलट नाही.

आता बाटिक म्हणून तीन गोष्टी विकतात. तुलिस म्हणजे बारीक तोटीच्या पेनने मेण सोडून हाताने काढलेलं, ते महाग. चाप म्हणजे तांब्याचा ठसा मेणात बुडवून उठवलेलं, घरात वापरायला हेच परवडतं. आणि तिसरं नुसतं छापलेलं, बीचजवळच्या दुकानांत बहुतेक हेच, तेही बऱ्याचदा रेयॉनवर. साधी युक्ती, कापड उलटं करा. हाताच्या बाटिकला मागूनही रंग जवळजवळ तेवढाच गडद दिसतो, छापलेल्याची पाठ फिकी असते. छापील घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी एवढं विमानाने कशाला जायचं, सुरत आपल्याला दोन-अडीच तासांवर आहे.

घ्यायचंच तर देनपासारला, म्हणजे बालीच्या राजधानीत, जालान सुलावेसी म्हणून अख्खा रस्ता कापडाच्या दुकानांचा आहे, तिथे जा. मीटरवर मिळतं आणि टुरिस्ट भागापेक्षा भाव बरा. एंडेक विचारा, तिथलं इकत, बाण्याचं, म्हणजे आडवं सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. उशांच्या अभ्र्यांना झकास दिसतं. नोटांवरची शून्यं बघून घाबरू नका, लाख रुपिया म्हणजे आपले पाचेकशे रुपये. सकाळी लवकर गेलात तर बायका "मॉर्निंग प्राइस" म्हणून हाका मारतात, ही त्यांची भवानी, पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे मालावरून फिरवतात सुद्धा, अगदी आपल्या मंगळबाजारासारखं. घासाघीस मात्र हसत करा, तिथे आवाज चढवून काही मिळत नाही.

आणि एक, तेंगानान नावाचं गाव चुकवू नका. तिथे गेरिंगसिंग विणतात, म्हणजे ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवलेले, एकेका कापडाला कधी कधी वर्षं लागतात. डबल इकत म्हटलं की मुख्यतः तीनच नावं निघतात, हे गाव, जपान आणि आपलं गुजरातमधलं पाटण, पटोळ्याचं. शतकानुशतकं गुजरातचा पटोळा तिकडे जहाजाने जायचा आणि तिथले लोक तो पूजेचं वस्त्र म्हणून जपून ठेवायचे. मी तिथल्या विणणाऱ्या बाईंना मोबाइलवर पाटणच्या पटोळ्याचा फोटो दाखवला तर त्यांनी तो झूम करून करून कितीतरी वेळ बघितला, भाषा एकीलाही कळत नव्हती. घेतलं काही नाही, खिशात तेवढी ताकदच नव्हती.

काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं एक कापड, पोलेंग, सगळीकडे झाडांना आणि मूर्तींना गुंडाळलेलं दिसेल, ते त्यांच्याकडे पवित्र. दुकानात मिळतं, पण मला काही ते डायनिंग टेबलवर टाकवेना.

धुण्याचं सांगते, पहिल्या धुण्याला वेगळं, गार पाण्यात, वाळत सावलीत, पावडर अजिबात नको. तिकडचे लोक बाटिक लेराक नावाच्या फळाने धुतात, तो आपल्या रिठ्याचाच भाऊबंद, म्हणून मी सरळ खंडेराव मार्केटमधून रिठे आणते, रात्री भिजवते आणि त्याच पाण्यात काढते. चार वर्षं झाली, दिवाणावरचे पक्षी अजून तसेच आहेत, आता उभे.