‘दाइजोबु’ म्हणणारी मुलगी

“मॅडम, तिथे गेल्यापासून ती नीट बोलतच नाही हो.” एक्स्चेंजवर जपानला गेलेल्या मुलांच्या आयांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की फोनवर पहिलं वाक्य संपायच्या आत पुढचं मला कळतं. मुलांचं वाक्य वेगळं असतं. “मला जपानी येतच नाही, मी यायलाच नको होतं.” पुण्यात एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पहिल्या फटक्यात काढलेली मुलं ही! मी समुपदेशक, घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो असं सांगणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. त्यामुळे असा ठाम ‘च’ ऐकू आला की माझे कान टवकारतात.

ही मुलगी क्योतोला सहा महिन्यांसाठी गेली होती. रविवारी आमची व्हिडिओवर बैठक असे, आमचे संध्याकाळचे सहा, तिचे रात्रीचे साडेनऊ. पहिल्या काही बैठकींत नुसती तक्रार. वर्गातलं ‘वाकारानाइ’ (समजत नाही) रस्त्यावर तिथल्या बोलीत ‘वाकाराहेन’ होतं. दुकानात कॅशिअर एका दमात विचारतो, डबा गरम करू? पिशवी हवी? जुलै 2020 पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून विचारणं आलंच. हिनं तोडगा काढला होता. काहीही विचारलं तरी ‘दाइजोबु देस्’. शब्दशः ‘ठीक आहे’, पण तिथे अर्थ होतो ‘नको, राहू दे’. परिणामी तीन आठवडे तिनं गारढोण भात खाल्ला. हे सांगताना ती हसली, मीही हसले, आणि तो शब्द माझ्या वहीत पडून राहिला.

पुढच्या बैठकीत होस्टेलचा विषय निघाला. “आधी मुली बोलवायच्या, आता बंद झाल्या. मी बोअर आहे, दुसरं काय?”

“शेवटचं कधी बोलावलं?”

“नोव्हेंबरात. मजल्यावरच्या मुलींनी नाबे केलं होतं. मोठ्या भांड्यात भाज्या, टोफू, काय काय शिजत असतं, भोवती बसून खायचं. ‘येतेस का?’ म्हणाल्या.”

“तू काय म्हणालीस? मराठीत नको, तेव्हा म्हणालीस तसंच सांग.”

“दाइजोबु देस्.”

“म्हणजे?”

“म्हणजे... चालेल की मला.”

“आणि दुकानात?”

पडद्यावरचा चेहरा थिजला. नेट गेलं असं वाटलं मला. मग तिनं हळूच तोंडावर हात ठेवला. “मॅडम, मी त्यांना नको म्हणाले!” आधी हसू, मागोमाग रडू. त्या रात्री मुली स्वयंपाकघरात जेवत होत्या आणि ही खोलीत बसून कुणीतरी दार वाजवेल याची वाट पाहत होती.

मला जपानी येत नाही. येत असतं, तर कदाचित हा शब्द माझ्याही कानावरून निसटला असता. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणाला तरी ‘घ्या हो थोडं’ म्हणत वाढतात. त्या मुलींनी तिच्या नकाराचा मान ठेवला होता. तिनं त्या शांततेवर लेबल लावलं, ‘मी नकोशी’. घडलं एवढंसं, अर्थ लावला भलामोठा. माझ्या धंद्यातलं निम्मं काम या दोन गोष्टी सुट्या करण्याचंच आहे.

तेव्हा मुलांनो, ‘मी नकोशी आहे’ हा निकाल लिहिण्याआधी आपण नेमके कुठले शब्द उच्चारले ते आठवा. ‘इमा नो वा दोउयू इमी देस्का?’ (आत्ता म्हणालात त्याचा अर्थ काय?) हे वाक्य रोज एकदा तरी वापरा, चुकीच्या उच्चारात चालेल. मी तिला रोज एक चूक मुद्दाम करायला सांगितली होती, आणि त्या चुका मला मोजून दाखवायच्या. तिसऱ्या दिवशी तिनं कळवलं, “चार झाल्या, त्यातली मुद्दाम एकच.” सकाळी बाहेर पडताना होस्टेलच्या काकूंना ‘इत्ते किमास्’ म्हणायची लाज कसली? शब्दशः ‘जाऊन येते’. आपण घरी ‘जाते’ म्हणत नाही, तेच आहे हे. क्रियापदही आपल्यासारखं शेवटी येतं. एवढं माहेरपण दुसऱ्या कुठल्या परदेशी भाषेत मिळणार?

आणि आईबाबा, तुमचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. आपले सहा म्हणजे तिथले साडेनऊ, मुलं स्वयंपाकघरात जमतात ती वेळ. तिला तेव्हा पुण्यात ओढून आणू नका. आठवड्यातून दोनदा पुरे. ‘आता फाडफाड बोलतेस ना?’ हा प्रश्न तर कधीच नको.

जानेवारीतल्या एका रविवारी, बोलणं ऐन रंगात असताना, तिच्या दारावर टकटक झाली. बाहेरून कुणीतरी काही विचारलं. “इकु, इकु!” ही ओरडली, म्हणजे येते, येते. मग माझ्याकडे वळून, “मॅडम, उरलेलं पुढच्या रविवारी?”

पंधरा मिनिटं उरली होती. त्यांची फी मी लावली नाही.