पुराची बातमी ‘रेल’च्या पाकिटात

प्रश्न : नमस्कार काका, मी बडोद्याची, आमचं जुनं घर दांडिया बाजारात होतं. आमच्याकडे सगळे सांगतात की १९२७ च्या पुरात पणजोबांनी होडीतून शेजारपाजारची माणसं बाहेर काढली आणि पेपरात त्यांचा फोटोसुद्धा आला होता. आत्याच्या पंचाहत्तरीला घरच्याघरी एक छोटी पुस्तिका काढतोय, म्हणून एका लायब्ररीत जुनी कात्रणं ठेवलीयत असं कळल्यावर तिकडे गेले. यादी सगळी गुजरातीत, मी इंग्लिश मीडियमची, वाचते पण अडखळत. ‘पूर’ नावाचं पाकीटच नाही, आमच्या आडनावाचं पण नाही. ‘रेल’ची तीन जाड पाकिटं होती पण रेल्वेचं मला काय करायचंय म्हणून सोडून दिली. दोन शनिवार गेले. ‘विश्वामित्री’ म्हणजे आमच्या नदीच्या पाकिटात एकच गुजराती कात्रण मिळालं, त्याच्यावर पेन्सिलीने ‘सं. १९८३ अषाढ वद’ एवढंच लिहिलंय, आणि आमची इंदूरची मावशी म्हणते संवतातून ५७ वजा करायचे, म्हणजे ते १९२६ चं झालं, आपल्या कामाचं नाही. आता कुठे शोधू? आणि झेरॉक्स काढू की मोबाईलवर फोटो चालेल?

उत्तर : अहो ताई, आधी ती ‘रेल’ची पाकिटं उघडा! गुजरातीत रेल म्हणजे पूर. आगगाडी पण रेलच, त्यामुळे घोटाळा होतो खरा, आणि आता बोलताना सगळे पूरच म्हणतात म्हणून तुमच्या कानावर तो शब्द आला नसेल, पण १९२७ च्या त्या संकटाला गुजरातीत ‘रेलसंकट’ असंच म्हणायचे. तीन पाकिटांत एखादं रेल्वेचं निघेलही, पण तिन्ही बघितल्याशिवाय उठू नका.

कात्रणांचं हे असंच असतं. कात्री चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दिवशी जो शब्द होता तो पाकिटावर बसला, तुमच्या डोक्यातला शब्द त्याला काय माहीत. म्हणून एकाच गोष्टीची सात-आठ नावं कागदावर लिहून न्यायची. पूर, रेल, अतिवृष्टी, राहत (म्हणजे मदत), फंड, विश्वामित्री. कमाटीबाग बघा आणि सयाजीबाग पण बघा, बाग एकच, नावं दोन. बडोदे, बडोदा, वडोदरा, ‘गायकवाडी’ सुद्धा. आणि एक नाव आपल्यापैकी कुणाला पटकन सुचत नाही, ते म्हणजे ‘दक्षिणी’. गुजराती माणूस आपल्याला दक्षिणी म्हणायचा, त्यामुळे दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींनी काही केलं असेल तर ते ‘दक्षिणी समाज’ अशा एखाद्या पाकिटात जाऊन बसलेलं असू शकतं.

आता संवताचं. मावशी इंदूरच्या हिशोबाने बरोबर आहेत पण कात्रण इंदूरचं नाहीये ना! तिकडे संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिकात. म्हणून गुजराती संवतातून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. १९८३ वजा ५६ म्हणजे १९२७, झालं. अजून एक गंमत अशी की आपला आणि गुजरात्यांचा महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला, त्यामुळे इथला आषाढ वद्य म्हणजे तिकडचा श्रावण वदी. त्या वर्षी आषाढाचा वद्य पक्ष जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि गुजरातेतला तो भयंकर पाऊस जुलैच्या शेवटचा, म्हणजे जुळतंय. तुम्ही जे कात्रण बाजूला टाकायला निघाला होतात तेच नेमकं कामाचं आहे. मराठी कात्रणावर शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, १८४९ चं १९२७, फक्त जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

तारीख अजिबातच नसेल तर कात्रण उलटं करा. मागची बाजू कुणी निवडलेली नसते म्हणून ती जास्त खरं बोलते. माझ्याकडे एका आजींच्या मृत्यूच्या बातमीचं कात्रण होतं, घरचे शपथेवर १९४२ म्हणत होते, मागे बघतो तर अर्धी कापलेली बातमी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्याची, म्हणजे १ मे १९४९ च्या आसपासचं. सात वर्षांचा फरक! कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असेल तर मात्र हात लावू नका, ओढून काढायच्या भानगडीत दोन्ही बाजू जातात.

फोटोबद्दल थोडं कडू बोलतो, रागावू नका. त्या काळात छोट्या पेपराला फोटो छापायचा म्हणजे ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून घ्यावा लागायचा, खर्चाचं काम, त्यामुळे गल्लीतल्या माणसाचा फोटो पुराच्या त्याच आठवड्यात आला असेल असं मला वाटत नाही. बहुतेक तो नंतरच्या एखाद्या ‘पुराच्या आठवणी’ छापाच्या लेखात आला असेल, पन्नास वर्षं झाली वगैरे निमित्ताने, म्हणून १९७७ ची कात्रणं पण चाळा. पण असा लेख हा पुरावा नाही हं, ती सांगोवांगीच, फक्त छापलेली. पुस्तिकेत लिहिताना घटना कधीची आणि बातमी कधीची हे वेगळं लिहा.

नाव सापडण्याची जास्त शक्यता मला याद्यांमध्ये वाटते. मदत फंडाला कुणी किती रुपये दिले, कुठल्या कमिटीवर कोण, असल्या याद्या पेपर छापायचे, बारीक टाइपात. कात्री चालवणारा मोठ्या मथळ्याची बातमी कापतो, यादी कचऱ्यात. म्हणून कात्रणावरून तारीख आणि पेपरचं नाव घ्या आणि मग त्या पेपरचे अख्खे बांधीव अंक किंवा मायक्रोफिल्म मागा, जुलैच्या शेवटापासून निदान दिवाळीपर्यंत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पण विचारून या. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली, त्या निमित्ताने तिथल्या काचेच्या फरशा तरी बघून होतील. बडोद्यात नाहीच मिळालं तर पुण्याचा ‘केसरी’ आणि मुंबईचा ‘मुंबई समाचार’ दोन्ही तेव्हा चालू होते. पण बाहेरच्या पेपरांत अहमदाबाद आणि खेडा जिल्ह्याचंच जास्त भरेल, वल्लभभाईंच्या मदतकार्यामुळे, बडोद्याच्या वाट्याला चार ओळी. नावं शोधताना ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री) आणि दोन इनिशियल्स एवढ्यावरच समाधान मानावं लागतं, आणि गुजराती पेपरात मराठी आडनावाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

झेरॉक्स नको. न्यूजप्रिंटच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहतं, त्याच्यामुळे कागद पिवळा पडून बिस्किटासारखा मोडतो, मशीनवर दाबला की घडीवर तुटलाच. लायब्ररीवाल्यांना विचारून मोबाईलने काढा, फ्लॅश बंद, खिडकीजवळ, शेजारी फूटपट्टी ठेवून. आणि पाकिटावरचं नाव, पेन्सिलीची नोंद, मागची बाजू यांचे पण फोटो घ्या, नाहीतर महिन्याभराने हे कुठून आणलं तेच आठवत नाही. गंजलेली टाचणी दिसली तर तुम्ही काढू नका, तिथल्या माणसाला सांगा.

पुस्तिकेत छापायचं विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो, लेखकाचं नाव नसलेल्या बातमीचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९२७ ची बातमी खुशाल छापा. १९७७ चा लेख नावानिशी असेल तर लेखक जाऊन ६० वर्षं व्हावी लागतात, तिथे परवानगी घ्या किंवा आपल्या शब्दांत लिहा.

शनिवारी जाणार असाल तर सकाळीच जा, तीन पाकिटं आहेत.