आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर दुरून मदत करण्यासाठी कायमचा रिमोट अ‍ॅक्सेस ठेवावा का?

आई-बाबा गावी, तुम्ही नोकरीच्या शहरात. त्यांच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं काहीतरी टाकून कायमचा पासवर्ड लावून ठेवला, तर त्यांना न विचारता सगळं दुरुस्त करता येईल, मग तसं करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, करू नका. मी बेंगळुरूला असतो, आई-बाबा कुडाळला. सात-आठ वर्षं त्यांना दुरून अशी मदत करतोय आणि सुरुवातीला मीही अशीच सोय करून ठेवली होती.

माझ्या काकांना एक फोन आला. वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार, एवढं अ‍ॅप टाका आणि त्यावरचा नंबर वाचून दाखवा. काकांनी वाचून दाखवला आणि खात्यातले पैसे गेले. नंतर ते मला जे म्हणाले ते अजून विसरलो नाही. "अरे, तूही तेच करतोस ना? फोन करतोस, नंबर विचारतोस, मग बाण आपोआप फिरायला लागतो. मला वाटलं, असंच असतं."

म्हणजे फोनवरच्या आवाजाला नंबर सांगायचा, ही सवय मीच घरात लावली होती. रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं, एनीडेस्कचं नाव घेऊन. दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही, दुसरं कुठलंही वापरलं तरी हेच होऊ शकतं. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी घरचा नियम ठरवा. आमचा नियम असा: मदतीसाठी फोन नेहमी घरून यायचा. मी आपणहून फोन करून "बाबा, कॉम्प्युटर उघडा" असं कधीही म्हणणार नाही. तसं कोणी म्हणालं, अगदी माझ्या आवाजात म्हणालं, तरी फोन ठेवायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरावर स्वतः लावायचा. आणि जोडणी करण्याआधी बँकेचं पान बंद, मीच असलो तरी. हे बाबांनी त्यांच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. खाली १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या तिथे फोन करायचा, कारण जितका लवकर फोन जाईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता साधन. विंडोज असेल तर क्विक असिस्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच दुरून मदत करायचं अ‍ॅप, पुरतं, विंडोज १० आणि ११ दोन्हींवर चालतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू या कळा एकत्र दाबल्या की उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं मदत करणाऱ्याकडे हवं, घरच्यांना त्याची गरज नाही. कोड माझ्याकडे तयार होतो, बाबा तो टाकतात आणि परवानगी देतात. आधी मला फक्त त्यांचा स्क्रीन दिसतो. माऊस हातात हवा असेल तर मी वेगळी विनंती पाठवतो आणि त्यांनी पुन्हा हो म्हणावं लागतं. खिडकी बंद केली की संपलं, मागे दार उघडं राहत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: एखादा प्रोग्रॅम टाकताना विंडोज जी परवानगीची चौकट दाखवतं, ती बहुधा तुम्हाला दिसणारच नाही. तेव्हा घाबरू नका, फोनवर त्यांनाच वाचायला सांगा.

आमच्याकडे कॉम्प्युटरवरचं बाबांचं रोजचं खातं साधं आहे, सगळे बदल करू देणारं अ‍ॅडमिनचं नाही. त्यामुळे चुकून काही डाउनलोड झालं तरी पासवर्डाशिवाय ते सहसा फार खोलवर शिरत नाही. नवीन काही टाकायचं, बॅकअप घ्यायचा, ही मोठी कामं मी गणपतीत घरी गेलो की करतो.

खरं तर निम्म्या वेळा जोडणी लागतच नाही. आईने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवला की काम होतं. कोकणात जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग काढून ठेवतात आणि ठेवावाच. म्हणून "इंटरनेट येत नाही" म्हटलं की पहिला प्रश्न प्लगचा.

सर्वांत जास्त फोन येतात ते "कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" अशा पाट्यांचे. उजव्या कोपऱ्यात खाली एकामागून एक येत राहतात आणि आई धास्तावते. बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी संकेतस्थळाने नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलेलं असतं आणि 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, साइट सेटिंग्जखाली नोटिफिकेशन्स आहेत. तिथे अनोळखी नावं काढून टाका आणि यापुढे कोणी विचारूच नये असा पर्याय निवडा. दोन मिनिटांचं काम, पण आमच्या घरातली धास्ती त्याने जेवढी कमी झाली तेवढी कुठल्याच अँटिव्हायरसने केली नाही.

यंत्र जुनं असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवा, फरक लगेच जाणवतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा ११ वर जाता येतं का तेही बघा.

माऊस हातात आला तरी पटापट क्लिक करत सुटू नका. बाबा चाळीस वर्षं शिक्षक होते. त्यांच्यासमोर मी न बोलता काहीतरी करून मोकळा झालो तर त्यांना ते लागतं, हे मला उशिरा कळलं. आता मी बाण नुसता जागेवर नेऊन थांबवतो आणि म्हणतो, "बाबा, आता तुम्ही दाबा." वेळ दुप्पट लागतो, पण तीच अडचण पुन्हा आली तर फोन येत नाही.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तुमचा लॅपटॉप घेऊन माडीवर किंवा दुसऱ्या खोलीत बसा, आणि त्यांना फोन लावण्यापासून खिडकी बंद करण्यापर्यंत सगळं दोनदा करायला लावा. अडेल तिथे उठून जाता येईल, तोवरच हे करून घ्या.