जेलमध्ये शिकलेलं काम बाहेर आल्यावर कामी येते का?

तुम्ही विचारलं की मामेभावाला 7 वर्षांची सक्तमजुरी झाली, नागपूर सेंट्रलला आहे, तिथं काम शिकवतात म्हणतात तर सुटल्यावर त्यावर पोट भरेल का. भाऊ, मी काही वकील नाही, परतवाड्याजवळच्या गावात माझं फर्निचरचं दुकान आहे. पण जेलमध्ये सुतारकाम शिकून आलेला एक माणूस माझ्याकडे सव्वादोन वर्षं होता, त्यावरून सांगतो.

त्याचा हात बघून मी पहिल्याच दिवशी गार झालो. पॉलिश अशी की बोट घसरलं पाहिजे, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला की कोपरा बरोब्बर. तिथं सरकारी ऑफिसांचे टेबल, खुर्च्या, बाकं बनतात ना, त्यावर 9 वर्षं घासलेला माणूस. मग मी त्याले एका मातीच्या घराची चौकट बसवायला पाठवलं आन दोन तासांनी हा तसाच परत, म्हणे "भाऊ, भिंत वाकडी हाय, माप कोन देईन?" आता गावात कोणती भिंत सरळ असते बापा! जेलच्या आत माप मास्तर देणार, लाकूड स्टोअरमधून येणार, एकानं कापायचं, दुसऱ्यानं जोडायचं, तिसऱ्यानं घासायचं. सागवान काय घनफूट चाललं ते त्याले माहीत नाही, गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की हा गप. वखर-डवरे, म्हणजे शेतीची अवजारं, तर त्यानं कधी केलेच नव्हते, आणि आमच्याकडे जून लागायच्या आधी अर्धा धंदा त्याचाच. म्हणजे हात तयार होता, धंदा नाही. तो शिकायला त्याले सहा-आठ महिने लागले आन तेवढे दिवस कोणीतरी सांभाळून घ्यावं लागते, खरी अडचण तिथं आहे.

माझ्याआधी तो एका कंपनीत गेला होता, नाव घेत नाही, काम बघून लगेच हो म्हणाले पण पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं तिथंच खेळ खलास. म्हणून माझं मत, नोकरीच्या मागे लागण्यापेक्षा असं काम शिकावं जे घरून करता येते. शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग. हातमाग विणायलाही शिकवतात, वाईट नाही, पण गावात माग कोण देणार. शेती येत असेल तर पुढं मोर्शीच्या खुल्या कारागृहात जाता येते का ते विचारा, तिथं शेतीचंच काम असते, मात्र त्यासाठी वागणूक चांगली लागते आणि शिक्षेचा काही भाग आधी भोगलेला लागतो.

मजुरीची आशा फार धरू नका, 2023 मध्ये वाढवली तेव्हाही कुशल कैद्याले दिवसाचे शंभर मिळत नव्हते. आमचा गडी त्यातूनच घरी मनीऑर्डर करायचा, बायको ते पैसे पोरीच्या शाळेसाठी ठेवायची. राज्य सहकारी बँकेनं 2022 मध्ये येरवड्यापासून 'जिव्हाळा' नावाचं कर्ज सुरू केलं, 50 हजारापर्यंत, 7 टक्के व्याज, हप्ता आतल्या मजुरीतून. घरी अडचण असेल तर भावाला तिथं चौकशी करायला लावा.

आणखी एक, हे काम मुख्यतः शिक्षा लागलेल्यांसाठी आहे. कच्च्या कैद्यावर, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्यावर, कामाची सक्ती नसते, आणि 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलांमध्ये शंभरातले पंचाहत्तरच्या वर कच्चेच होते, त्यामुळे कितीतरी पोरं वर्षानुवर्षं नुसती बसून राहतात. तुमच्या भावाचा त्या हिशोबानं बरा नंबर लागला म्हणायचं, राग नका धरू.

आता जेलमध्ये भावाच्या भेटीला जाल तेव्हा त्याले सांगा की एकाच मशीनवर बसून राहू नको, मास्तरच्या मागे लागून लाकूड निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं पाहून घे. सर्टिफिकेट मिळत असेल तर ते शिकवणाऱ्या संस्थेच्या नावानं मिळते की जेलच्या, तेही विचारून ठेवा. अमरावतीची 'वऱ्हाड' संस्था कैद्यांसाठी काम करते, जिल्हा महिला व बालविकास ऑफिसातही सुटलेल्यांच्या मदतीची चौकशी होते. आणि सुटायच्या महिनाभर आधी घरी रंधा, दोन पटाश्या, हात-करवत, एक ड्रिल मशीन आणून ठेवा, जुनं चालते. आमच्या गड्याकडे यातलं काहीच नव्हतं, पहिला महिनाभर तो माझ्याच पटाशीला धार लावत बसायचा, आन मी दुसरी घेतली.