एक हँडल की दोन? आधी बादलीत बुडवून पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो. अंदमानात स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स झाला, आतापर्यंत नऊ डाइव्ह झाल्या, डिसेंबरात तारकर्लीला जायचं आहे. हाती अ‍ॅक्शन कॅमेरा आहे, पण काडीवर लावून काढलेलं सगळं फुटेज हलतं. तर ट्रे, म्हणजे कॅमेरा बसवायची हँडलवाली पट्टी, एका हँडलचा घ्यावा की दोन हँडलचा, जड की हलका? नागपुरात बसून हा प्रश्न पडणारे आपण मोजकेच. पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही, आणि बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, कॅमेऱ्याचा ट्रे मागितला की लोक चहाचा पुढे करतात.

माझं मत: दोन हँडलचा घ्या, पण डावं हँडल स्क्रू काढून वेगळं होणारं हवं. डिसेंबरात एकटं उजवंच लावून उतरा.

दोन काहून म्हणाल, तर हिशोब सोपा आहे. हातांत आठ सेंटिमीटरचं अंतर असेल आणि एक हात एक सेंटिमीटर वर गेला, तर चित्र सात अंशांनी कलतं. तेच अंतर तीस सेंटिमीटर असेल तर जेमतेम दोन अंश. म्हणून अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला पंचवीस ते तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. त्याहून लांब घेतली तर बोटीच्या शिडीत अडकते.

मग डावं काढायला काहून सांगतो? बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट, त्यात हवा भरायचा-सोडायचा इन्फ्लेटर डाव्या हाती असतो. उतरताना नाक दाबून कान मोकळे करायचे असतात, टाकीतली हवा दाखवणारं गेज पाहायचं असतं, बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, खूण करायची असते. नऊ डाइव्हवाल्याचे दोन्ही हात हँडलला चिकटले की तो या सगळ्याला उशीर करतो. मी स्वतः केलाय. स्क्रीनमध्ये डोकं घालून मासा फ्रेममध्ये धरत होतो आणि खाली गुडघे प्रवाळावर. आपल्याकडे प्रवाळ वाघासारखेच पहिल्या अनुसूचीत आहेत, पण त्या क्षणी कायदा नाही, ओशाळणं आठवतं. पाण्यात एका पातळीवर तरंगणं हातचं झालं की डावं हँडल लावा. तोवर डाव्या हाताने नुसता पट्टीचा कोपरा धरला तरी हलणं बरंच कमी होतं.

आता जड-हलक्याचं. यात बहुतेकांचा घोळ होतो. पाण्यात वजन कमी भासतं, पण वस्तुमान तेवढंच राहतं, आणि हाताची थरथर दाबायचं काम वस्तुमान करतं. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीनपट घन आहे, म्हणजे 540 ग्रॅमची पट्टी-हँडलं समुद्रात 335 ग्रॅमच्या आसपास भरतील. हातात भरीव लागणारी, पण मनगट न ओढणारी रिग, म्हणजे कॅमेरा-ट्रेची पूर्ण जोडणी, हवी. सगळं जोडा, बॅगा तोलायच्या हुकवाल्या काट्याला टांगा आणि घरच्या बादलीत पूर्ण बुडवा. काटा साधारण शंभर ग्रॅम दाखवेल तर मला ते सर्वांत आवडतं. हातातून सुटली तर लॅनयार्डवर, म्हणजे अंगाला अडकवलेल्या दोरीवर, खाली लोंबते, वर पळत नाही.

पहिल्यांदा समुद्राचं पाणी करायचं म्हणून मी बादलीत मीठ ओतत होतो, लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने. आईने पुडा हातातून काढून घेतला. बरंच झालं, कारण अर्धा लिटर पाणी सारणाऱ्या रिगला मिठाने फरक पडतो बारा-तेरा ग्रॅमचा. साध्या नळाच्या पाण्यावर भागतं.

रिग फार जड निघाली तर उचल देणारे फ्लोट लावावे लागतील, पण पोहायच्या तलावातल्या मऊ फोमच्या नळ्या कापून बांधू नका. अठरा मीटरवर दाब वरच्या पावणेतीनपट होतो, फोम चेपतो आणि नेमका खालीच उचल देईनासा होतो.

विकत घ्यायचा नसेल तर बनवून घ्या. माझा पहिला ट्रे हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून बनवला होता, सहा मिलिमीटर जाडीची पट्टी आणि सायकलच्या मुठी. कॅमेऱ्याचा स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आटे, हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो सहा मिलिमीटरचे आटे पाडून मोकळा होतो. एका स्क्रूवर कॅमेरा गरकन फिरतो. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला की बसतो जागेवर. चूक माझी पुढे झाली. दोन दिवस डाइव्ह करून ट्रे तसाच बॅगेत कोंबला आणि घरी येऊन महिनाभर विसरलो. स्टीलचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि मध्ये खारं पाणी: आट्यांत पांढरी भुकटी धरली आणि स्क्रू हलेना. शेवटी त्याच लेथवाल्याने ड्रिल करून काढला, वर “भाऊ, मीठ लावून ठेवलं होतं का लोणच्यासारखं?” हेही ऐकवलं. तेव्हापासून डाइव्ह झाली की गोड्या पाण्यात भिजवतो, त्याच संध्याकाळी स्क्रू काढून पुसतो, आणि आट्यांना अँटी-सीझचं, म्हणजे आटे अडकू न देणाऱ्या वंगणाचं, बोट लावतो.

पट्टीवर कॅमेरा थोडा पुढे बसेल अशी खाच पाहून घ्या. रुंद लेन्स मागच्या रेषेत बसली तर प्रत्येक फ्रेमच्या कडेला तुमच्या मुठी दिसतात.

लाइट आज नाही घेतले तरी हँडलच्या डोक्यावर एक इंची बॉल असलेलाच ट्रे घ्या, पुढे लाइट धरणारे आर्म आणि ते जोडायचे क्लॅम्प त्यावरच बसतात. मालवणकडे पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं. लाइट लेन्सला चिकटून असला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि व्हिडिओत बर्फ पडल्यासारखं दिसतं. तो बाजूला लांब, किंचित बाहेर वळवून हवा. मणी जोडल्यासारखे वळणारे स्वस्त आर्म पाण्यात चालतात, पण पाण्याबाहेर लाइटच्या भाराने सांध्यातून निखळतात. बोटवाल्याला रिग देताना पट्टी धरायला सांगा, आर्म नाही.

लॅनयार्ड मनगटाला नको, बीसीडीच्या खांद्यावरच्या डी-रिंगला, म्हणजे धातूच्या कडीला, बोल्ट स्नॅपच्या हुकाने अडकवा. विमानात बॅटऱ्या केबिनमध्ये. ट्रे आणि पाने-स्क्रू ड्रायव्हर मी चेक-इनमध्येच टाकतो.

तुमच्या कॅमेऱ्याला डाइव्हचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, आहे का आणि लाइट किती वजनाचे घ्यायचा विचार आहे, तेवढं सांगा. त्यावरून पट्टीची लांबी ठरवू.