स्टोरीबोर्डचं टूल तिसऱ्या तासाला उघडा

मॅडम, तुमची अडचण वाचून हसूच आलं, सेम माझ्याही वर्गात झालंय. तुमची सातवीची ४५ मुलं, लॅबमध्ये चालू मशीन ९, इतिहासाचा स्टोरीबोर्ड (म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींच्या चित्रांत मांडायची) करायला दिला तर अख्खा तास पात्रांचे कपडे नि केस बदलण्यात गेला, आणि आता तुम्ही विचारताय की दुसरं कुठलं टूल घेऊ. कुठलंही घ्या हो, पण पहिले दोन तास ते उघडूच नका.

मी पाठकोरे कागद देते. त्यावर सहा चौकटी, प्रत्येकीखाली एकच वाक्य, आणि वाक्यात क्रियापद पाहिजेच. 'चवदार तळे' चालणार नाही, 'लोक तळ्याकडे निघाले' चालेल. चित्रं काड्यांच्या माणसांची असली तरी बास.

मागच्या वर्षी महाडचा सत्याग्रह दिला होता. जवळपास सगळ्या गटांची पहिली चौकट थेट २० मार्च १९२७, बाबासाहेब ओंजळीने पाणी पिताहेत. मी विचारलं, अरे पण तेव्हा कायद्याने बंदी होती का? सगळे म्हणाले हो. नव्हतीच ना! सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करायचा बोले ठराव (बोले हे तो मांडणाऱ्याचं आडनाव) मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ लाच झालेला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण सगळं कागदावर. हे कळल्याशिवाय तळ्यावर चालत जाण्याचा अर्थच लागत नाही. आता ठराव चित्रात दाखवायचा कसा? इथे मुलं अडकतात, अडकू द्या, लगेच सुचवायला जाऊ नका. एका मुलीने डावीकडे शिक्का मारलेला कागद काढला, उजवीकडे तळ्याच्या पायऱ्या आणि एका पायरीवर उपडी घागर. मी गपच बसले.

मग भांडणं. ठराव आत घ्यायचा तर बाहेर काय काढायचं, मंडपातल्या लोकांवर झालेला हल्ला की नंतर तळ्याचं केलेलं 'शुद्धीकरण'? सातवी चौकट मागतात, द्यायची नाही. माझ्या मते स्टोरीबोर्डात शिकणं होतं ते एवढ्याच अर्ध्या तासात, बाकी सगळी सजावट. (आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी तरी काय करायचे, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची, मधलं सगळं तोंडी.)

आता टूलचं. तुमचं नेट रडतं म्हणताय तर गूगल स्लाइड्स घ्या, एक स्लाइड म्हणजे एक चौकट, ग्रिड व्ह्यूमध्ये (सगळ्या स्लाइड्स एकदम दिसतात तो) पुढेमागे सरकवता येतात, आणि कागदावरच्या चित्राचा मोबाईलने फोटो काढून तोच टाकायचा. कॅन्व्हाची शिक्षकांसाठीची आवृत्ती फुकट आहे, शिक्षक असल्याचा पुरावा द्यावा लागतो, देवनागरीत मुक्त, बालू असे चांगले फॉन्ट मिळतात. स्टोरीबोर्ड दॅट, पिक्स्टन वगैरे साइट्सवर तयार पात्रं असतात, पण आधी फुकटात काय काय करू देतात ते स्वतः बघा. तयार चित्रांच्या भरवशावर राहिलात तर तळ्याच्या जागी स्विमिंग पूल येतो, आमच्याकडे आला होता. शिवाय आधी एक जोडाक्षर टाईप करून पाहा, मी वापरलेल्या एका टूलमध्ये 'सत्याग्रह'चे पार तुकडे झाले. आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं तसंच पेस्ट करू नका, कचरा दिसतो, युनिकोडमध्येच लिहा (मोबाईलवर मराठी लिहितो तेच). मुलांची खाती काढायच्या भानगडीत पडू नका, लॉगिन तुमचंच ठेवा.

९ मशीन म्हणजे पाच-पाचचे गट बरोबर बसतात. माऊस दर चौकटीला दुसऱ्याच्या हातात, नाहीतर एकच पोरगा सगळं करतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. शेवटी खालची वाक्यं झाकून शेजारच्या गटाला नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगायला लावा. जिथे ते अडखळले ती चौकट परत करायची, तीसुद्धा कागदावरच.